दहाव्या नंबरची जागा

"या घरात पेन्सिलीला टोक म्हणून कधी नसतं," अँटन ह्रुश्का कोठीच्या दाराशी उभा राहून पुटपुटला. "विल्मा होती तेव्हा मिठाच्या डब्यामागे तीन पेन्सिली असायच्या. तासलेल्या."

"आणि त्याबद्दल तिला तुम्ही एकदा तरी बरं म्हणालात का?" डोरीन ओट्यापाशी कोबीची पानं उकळत होती. तिने हातातल्या सुरीनेच पेन्सिलीला टोक काढलं आणि बापाच्या हातात दिली. शहाऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याने ते टोक डोळ्यांजवळ नेऊन तपासलं. काचेच्या कारखान्यात बरण्या तपासायचा, तसंच.

सप्टेंबरचा पहिला सोमवार होता, कामगारांच्या सुट्टीचा. ओहायोतल्या बेल्डन गावात त्या दिवशी घरोघर अंगणात मांस भाजतात. ह्रुश्कांच्या घरी याद्या होतात. कोठीच्या दाराला दोन झडपा. डाव्या झडपेच्या आतल्या अंगाला अँटनचे दहा खेळाडू : बेल्डन ग्लेझर्स या गावच्या बेसबॉल संघातून खेळून गेलेल्यांपैकी सर्वांत थोर दहा. उजव्या झडपेला विल्माची दहा गाणी : रेडिओवर लागलेल्या सगळ्या गाण्यांतली तिला सर्वांत आवडलेली. नियम दोनच. वर्षाला एका झडपेवर एकच बदल करायचा, आणि तो का केला ते सगळ्यांसमोर मोठ्यांदा सांगायचं. पुसायचं काही नाही, फक्त रेघ मारायची. म्हणून आता दोन्ही झडपा अशा दिसत होत्या की एखाद्या वेड्या मास्तराने आयुष्यभर एकच वही तपासली असावी.

विल्मा जाऊन चार वर्षं झाली होती. उजवी झडप आता डोरीनकडे आली होती.

यंदा मात्र प्रकरण दारापुरतं राहणार नव्हतं. ऑक्टोबरात मैदान पाडणार होते. ग्लेझर्स संघ विकून, दुसऱ्या गावी नेऊन, नाव बदलून मालक तर केव्हाच मोकळे झाले होते. शनिवारी निरोपाचा समारंभ होता, आणि गावच्या वर्तमानपत्राने अँटनकडे त्याची यादी मागितली होती. गुरुवारी छापणार होते. एकतीस वर्षं ज्याने मैदानातल्या लाकडी खोपट्यात बसून एकेक चेंडू वहीत उतरवला, त्याची यादी म्हणजे शेवटचा शब्द. त्यानंतर मैदानच नाही, तर थोर कोण आणि किरकोळ कोण.

डोरीनला त्या यादीत एक नाव हवं होतं. दहाव्या नंबरावर का होईना, तिच्या भावाचं.

"गाण्यांचं आधी उरकून घेऊ," ती म्हणाली. "सातव्या नंबरावरचं ते रडकं गाणं मी काढतेय. त्याच्या जागी ते आमच्या शाळेतल्या दिवसांतलं. यंत्राच्या बाजाचं."

"कोणतं? भांडी पडल्यासारखं वाजतं ते?"

"त्याच्यावर अख्खी शाळा नाचली होती, डॅड."

"शाळा आग लागल्यावरही पळते. ते काही संगीत नाही."

मागचं दार उघडलं आणि लाइल आत आला, कणसांची पिशवी छातीशी धरून. डोरीनपेक्षा तीन वर्षांनी मोठा, म्हणजे अठ्ठावन्न. खांदे अजून रुंद, पण त्यांच्यातली हवा गेलेली. बायको सोडून गेल्यापासून तो गॅरेजवरच्या खोलीत राहत होता आणि दिवसा मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर उभा असायचा.

"कशावर भांडताय?" त्याने विचारलं. "यंत्राच्या गाण्यावर? गाणं नाहीये ते, डोरी. कुणाचा तरी फ्रिज बिघडलाय."

"तू गप. तुझी झडप नाही ही."

"कुठलीच झडप माझी नाही," लाइल हसून म्हणाला आणि कणसं सोलायला बसला. तो हे दरवर्षी म्हणत असे. दरवर्षी हसूनच.

डोरीनने सातव्या नंबरावर रेघ मारली, कारण मोठ्यांदा सांगितलं ("कारण माझं तारुण्य फ्रिजसारखं वाजत होतं, आणि मला ते आवडायचं") आणि नवं गाणं लिहिलं. नेहमीप्रमाणे तिची नजर वर गेली आणि नेहमीप्रमाणे तिने ती खाली आणली. उजव्या झडपेवर पहिला नंबर रिकामा होता. तिथे एक गाणं लिहिलेलं होतं, त्यावर रेघ होती, आणि पस्तीस वर्षांत त्या जागी दुसरं काही आलं नव्हतं.

विल्मा मैदानात ऑर्गन वाजवायची. प्रत्येक खेळाडू फलंदाजीला निघाला की त्याच्या चालीवर एखाद्या जुन्या-नव्या गाण्याच्या दोन ओळी. लठ्ठ्याला लठ्ठ्याचं, प्रेमात पडलेल्याला प्रेमाचं. लोक त्यावरच निम्मे हसायचे. आणि सेंटर फील्डवरचा लाइल ह्रुश्का, तेवीस वर्षांचा, गावचाच पोरगा, बॅट खांद्यावर टाकून निघाला की पहिल्या नंबरावरचं ते गाणं, ज्यात वेशीवर उभा असलेला मुलगा म्हणतो, मी मोठ्या शहरात जाऊन येतो, दिवा लावून ठेव. बेल्डनमध्ये ते गाणं तेव्हा सगळ्यांना पाठ होतं. लाइल मोठ्या संघात जाणार, हेही सगळ्यांना पाठ होतं.

आता त्या रात्रीबद्दल. त्या घरात तिच्याबद्दल कोणी बोलत नसे, म्हणून ती सगळ्यांच्या ताटात रोज असे.

चेंडू मारून फलंदाज पहिल्या बेसवर पोचला, तर तो स्वतःच्या हिमतीने पोचला की समोरच्याच्या गलथानपणामुळे, हे ठरवायचं काम गुणलेखकाचं. हिमतीने, तर हिट. गलथानपणाने, तर एरर, आणि फलंदाजाच्या खाती भोपळा. हंगामाची अखेर होती. लाइलने जमिनीलगत सणसणीत फटका मारला. चेंडू तिसऱ्या बेसवरच्या खेळाडूच्या हातमोज्याला लागून सुटला, आणि लाइल पहिल्या बेसवर उभा राहून फलकाकडे बघू लागला. अख्खं मैदान बघू लागलं. खोपट्यात त्याचा बाप बसला होता. दिवसा काचेच्या कारखान्यात बरणीत इतकासा बुडबुडा दिसला की ती बाजूला काढणारा माणूस. फलकावर दिवा लागला. एरर.

लाइलचा हंगाम हजारात दोनशे नव्व्याण्णववर संपला. तो फटका हिट धरला असता तर तीनशेच्या पार गेला असता. बेसबॉलच्या मुलखात हे दोन आकडे शेजारी राहत नाहीत. एक रस्त्याच्या या बाजूला राहतो आणि दुसरा टेकडीवर. त्याच रात्री सामन्यानंतर क्लबने लाइलला करारातून मोकळं केलं. तो घरी आला, याच टेबलाशी बसला आणि आईला म्हणाला, "डॅडच्या एका दिव्याने माझं सगळं गेलं, मॉम."

अँटनने काटा खाली ठेवला होता. आणि काही बोलला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात कामगारांची सुट्टी आली. विल्माने पहिल्या नंबरावर रेघ मारली. नियमाप्रमाणे कारण मोठ्यांदा सांगितलं, "हे मी आता वाजवणार नाही." मैदानात ती पुन्हा गेली नाही. ऑर्गनला हात लावला नाही. शिवणाच्या खोलीत पलंग टाकला आणि एकतीस वर्षं तिथे झोपली. नवऱ्याशी भांडली नाही. भांडणात निदान माणूस समोर तरी येतो. कॉफी झालीय, पाइप गळतोय, हिटर बघा, एवढंच बोलली.

गावाने मात्र लाइलला सांभाळलं. बेल्डनच्या बारमध्ये त्याचं नाव दोनशे नव्व्याण्णव. "ए दोनशे नव्व्याण्णव, इकडे ये, या पाहुण्यांना सांग तुझ्या बापाने काय केलं ते." तो सांगायचा, लोक बिअर पाजायचे. इतकी वर्षं तो एक फटका सांगत आणि पीत आला होता.

"शनिवारी मला माइकवर बोलायचंय म्हणे," लाइल कणसाचे केस ओढत म्हणाला. "कमिटीवाले आले होते दुकानात. होम प्लेटवर उभं राहून ती रात्र सांगायची. डॅड पुढच्या रांगेत. शेवटी मी खाली उतरून डॅडना मिठी मारायची, मग सगळे टाळ्या वाजवणार."

"कोणाची डोकॅलिटी ही?" डोरीन म्हणाली.

"तिकिटं खपतील म्हणाले."

 अँटन डाव्या झडपेवर नाक टेकवून दहावा नंबर वाचत होता. तिथे बस्टर क्विगली होता. दीड हंगाम खेळला, पण एकदा त्याचा फटका थेट कारखान्याच्या धुराड्यात गेला आणि त्या दिवशीच्या बरण्या बेसबॉलच्या निघाल्या, असं लोक अजून सांगत.

डोरीनने हात पुसले. इथेच दरवर्षी घोडं पेंड खात असे, आणि दरवर्षी ती मूग गिळून बसत असे. यंदा नाही.

"डॅड, यंदाचा तुमचा बदल झालेला नाही. मी एक सुचवते. क्विगलीवर रेघ मारा. लाइलला घाला."

कणसं सोलायचा आवाज थांबला.

"दोन हंगामांत कोणी थोर होत नाही," अँटन दाराकडेच तोंड ठेवून म्हणाला.

"क्विगली दीड हंगामात झाला!"

"क्विगलीने धुराड्यात मारला."

"आणि लाइलने तुमच्या डोळ्यांदेखत मारला, तर तुम्ही तो बघितला नाहीत. मी होते तिथे. मॉमच्या शेजारी बसले होते. असला चेंडू कुणाच्या बापाला अडवता आला नसता."

"माझ्या वहीत एरर आहे."

"तुमची वही! देवाकडे गेल्यावर तीच उघडून दाखवा त्याला. मॉम गेली हेच मनात धरून, की माझ्या नवऱ्याला पोरापेक्षा वही प्यारी. लोक काय म्हणतील म्हणून पोटच्या पोराच्या खाती भोपळा घातलात."

"डोरी," लाइल म्हणाला, "सोड ना. कणसं शिजायची आहेत."

"तू तर बोलूच नकोस. तू आयुष्यभर हसत बसलायस आणि भांडायचं काम माझ्यावर सोडलंयस. थांबा दोघं. वहीच आणते. त्या पानावर बोट ठेवून सांगू दे यांना, काय पाहिलं ते."

ती तळघरात उतरली. एकतीस वर्षांच्या एकतीस वह्या, फळीवर सालाप्रमाणे, पाठीवर पांढऱ्या शाईने आकडे. चौऱ्याऐंशीची वही तिने ओढून काढली तशी धूळ तिच्या बाहीवर उतरली. पान लगेच सापडलं. लाइलच्या रकान्यात बापाचं सुबक पेन्सिल-अक्षर, तिसऱ्या बेसवरच्या खेळाडूचा आकडा आणि त्याच्यामागे एररची खूण. खोडलेलं नाही, गिरवलेलं नाही. हात थरथरल्याची खूण शोधायला ती वही दिव्याखाली घेऊन गेली. नव्हती.

पान उलटताना आत चिकटवलेलं काहीतरी सुटून खाली पडलं. अँटन सगळंच चिकटवून ठेवायचा, क्लबच्या कचेरीतून येणारी प्रत्येक चिठ्ठी. दुसऱ्या दिवसाचा कागद आधीच आखून ठेवता यावा म्हणून संघात होणारे बदल गुणलेखकाला सामन्यापूर्वीच कळवत. ही त्यातलीच. टाइप केलेल्या दोन ओळी. आजच्या सामन्यानंतर एल. ह्रुश्का, सेंटर फील्ड, करारातून मुक्त. उद्यापासून नाव वगळावे. वर कोपऱ्यात बापाच्या हाताने, जशी तो प्रत्येक कागदावर लिहायचा तशी, मिळाल्याची वेळ. पाच चाळीस.

सामना सातला सुरू व्हायचा.

डोरीन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली. पाच चाळीस. म्हणजे चेंडू पडायच्याही आधी लाइलचं झालेलं होतं. हिट असो, एरर असो, त्या रात्री त्याने तीन वेळा चेंडू मैदानाबाहेर मारला असता तरी उद्यापासून नाव वगळावे. आणि खोपट्यात बसलेल्या माणसाला ते माहीत होतं. खिशात ही चिठ्ठी ठेवून त्याने पोराचा सामना लिहिला, जे दिसलं ते लिहिलं. मग घरी येऊन पोराला म्हणताना ऐकलं की डॅडच्या दिव्याने माझं गेलं. आणि काटा खाली ठेवला.

एक वाक्य बोलला असता तर विल्मा शिवणाच्या खोलीत गेली नसती. पण मग पोराजवळ काय उरलं असतं?

तिला बापाचा राग आला. तो जुनाच होता, त्यामुळे सवयीने आला; पण आता त्याला बसायला जागा मिळेना. मग तिला स्वतःचा आला. चार वर्षांपूर्वी दफनभूमीत ती बापापासून दहा पावलं दूर उभी राहिली होती, मुद्दाम, सगळ्या गावाला दिसेल अशी.

चिठ्ठी तिने ॲप्रनच्या खिशात घातली आणि वही फळीवर परत ठेवली.

वर आली तेव्हा दोघं होते तसेच होते. कणसं पाण्यात उकळत होती आणि कुणीही एकमेकांकडे बघत नव्हतं.

"नाही सापडली," ती म्हणाली.

अँटनने वळून तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या बाहीवरच्या धुळीकडे. मग खिशावर घट्ट दाबून धरलेल्या हाताकडे. जन्मभर बुडबुडे शोधलेला माणूस तो. काचेत काय आहे ते त्याला कळायला वेळ लागत नसे.

"नाही ना सापडली," तो म्हणाला. "बरं झालं. जुन्या वह्या. वाळवी लागली असेल."

"डॅड, राहू दे," डोरीन घाईने म्हणाली. "क्विगलीच असू दे. धुराड्याचा फटका काही लहान नव्हता."

"आता का? मगाशी तर देवापर्यंत न्यायला निघाली होतीस मला."

"मी उगीच काहीतरी बोलले."

"उगीच नाही," अँटन म्हणाला. तो दाराकडे वळला आणि क्विगलीच्या नावावर त्याने एक रेघ ओढली. ती सरळ आली नाही. "गुरुवारी छापतील. पोरी, याची आद्याक्षरं नकोत, पूर्ण नाव लिहू ना? लाइल अँटन ह्रुश्का?"

डोरीनला वाटलं, हात धरावा. खोटा आकडा या माणसाने उभ्या जन्मात कागदावर लिहिला नव्हता, आणि आता लिहीत होता. तेही छापायला, अख्ख्या गावासमोर, शहाऐंशीव्या वर्षी, ती मागत होती म्हणून. तिने मागितलेलं तिला मिळत होतं आणि ते तोंडात कडू लागत होतं.

"कारण," लाइल म्हणाला.

"काय?"

"कारण मोठ्यांदा सांगायचं असतं. नियम आहे." तो आता हसत नव्हता. हातात अर्धवट सोललेलं कणीस होतं. "का घालताय मला? सांगा."

अँटनची पेन्सिल दारावर टेकलेली होती. 'ला' झालेलं होतं. तो दाराला सांगावं तसं म्हणाला, "कारण ती हिट होती."

हे त्याने इतक्या हळू म्हटलं की उकळत्या पाण्याच्या आवाजात ते जवळजवळ बुडालंच. पण लाइलने ऐकलं. त्याचा चेहरा असा झाला की डोरीनला तो लहानपणीचा आठवला, गॅरेजची खिडकी फुटल्यावर शेजारच्या पोराला मार बसताना बघत उभा राहिलेला.

"नका लिहू, डॅड," तो म्हणाला.

"लिहितोय मी."

"नका लिहू. तिसऱ्या बेसवरच्याने तो चेंडू झोपेतसुद्धा धरायला हवा होता. बेसवर उभा होतो ना मी, त्याचा चेहरा बघितला. शरमला होता तो. दिवा लागायच्या आधी मला माहीत होतं." त्याने कणीस टेबलावर ठेवलं आणि ओले हात विजारीला पुसले, एकदा, परत एकदा. "आणि मॅनेजर म्हणाला होता मला नंतर. दुपारीच ठरलं होतं, म्हणाला. तुझ्या बापालाही कळवलं होतं. मी घरी येताना वाटेत विचार करत होतो, मॉमला काय सांगू. तिने दिवा लावून ठेवलेला होता बाहेरचा. तो बघितला आणि तोंडातून निघून गेलं. मला वाटलं, तुम्ही लगेच म्हणाल, खोटं आहे. मी वाट बघत होतो, डॅड. तुम्ही काटा खाली ठेवलात, मला वाटलं आता म्हणाल."

अँटनने पेन्सिल दारावरून काढली नाही.

"मग मॉम त्या खोलीत झोपायला लागली. मला वाटलं, आठवड्याभरात सांगू. मग वाटलं, ख्रिसमसला. शेवटी हॉस्पिटलमध्ये तिचा हात धरून बसलो होतो, तेव्हाही..." तो थांबला. पुन्हा बोलला तेव्हा आवाज अगदी साधा होता, काउंटरवर गिऱ्हाइकाला हा भाग आमच्याकडे येत नाही म्हणून सांगावं, तसा.

"मी तेवढा चांगला नव्हतो, डॅड. एवढंच होतं ते."